ठोक्याची जमीन, खरेदीचा शब्द आणि दोघांची बांधिलकी

(नभोवाणीवरील शेतकरी कार्यक्रमात देवगाव रंगारी, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर येथील कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



एरवी मी आपल्यापुढे येतो तो कपाशीवरची बोंडअळी, मक्यावरची लष्करी अळी नाहीतर अद्रकीची कंदकूज घेऊन. आज फवारणीचे काही सांगणार नाही. आज बोलायचे आहे ते एका कागदाविषयी. जमीन ठोक्याने किंवा बटईने करताना "पुढेमागे ही जमीन तुलाच देईन" असा शब्द दिला जातो. तो शब्द कागदावर कसा उतरवावा आणि उतरवल्यावर दोघांनी तो कसा पाळावा, याविषयी चार गोष्टी सांगतो. मी वकील नाही, शेतकीचा पदवीधर आहे. पण बांधावर हिंडताना असे प्रश्न समोर येतात, आणि पिकाइतकेच नुकसान या कागदापायी झालेले मी पाहिले आहे.

मागच्या हंगामात देवगावच्या बाजाराच्या दिवशी एक शेतकरी माझ्याकडे आले. गावाचे आणि माणसाचे नाव सांगत नाही. आधी त्यांनी मोसंबीच्या डिंक्याविषयी विचारले. मग खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला आणि म्हणाले, "साहेब, एवढं वाचून सांगा." चार एकर रान पाच वर्षांच्या ठोक्याने केले होते. खाली एकच ओळ होती : "पाच वर्षांनी सदर जमीन यांनाच देऊ, भाव त्यावेळी ठरवू." कागद नोंदवलेला नव्हता. या एका ओळीच्या भरवशावर त्या माणसाने त्या रानात विहीर खोदली, बांध घातले, मोसंबी लावली. पाच वर्षे संपली, रानाचा भाव वाढला, आणि मालकाने ती जमीन दुसऱ्यालाच विकली. विहीर आणि झाडे तिथेच राहिली.

मालक लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याचीही अडचण होती, पोरीचे लग्न होते. पण ती ओळच अशी होती की तिच्यातून कोणाला काय मागता येईल, हे कोणालाच सांगता येत नव्हते. हे आपल्या बाबतीत होऊ नये म्हणून आजचे हे बोलणे.

हा प्रश्न नवा नाही

ठोक्याने जमीन करणाऱ्याला ती विकत घेण्याचा हक्क, ही गोष्ट आपल्या मराठवाड्याला नवी नाही. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. तिथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० साली लागू झाला. सलग ठरावीक वर्षे स्वतः जमीन कसलेल्या माणसाला त्या कायद्याने संरक्षित कूळ ठरवले. कायद्याच्या ३८व्या कलमाने त्याला मालकाकडून ती जमीन वाजवी किमतीला विकत घेण्याचा हक्क दिला. कुळाने आधी मालकाला किंमत कळवायची, मालकाने मानली नाही तर न्यायाधिकरणाकडे जायचे, अशी ती रीत होती. आपल्यापैकी कितीतरी घरांत "आमच्या आजोबांचा अडतीसचा दाखला" अजून पेटीत असेल.

पश्चिम महाराष्ट्रात मुंबई कुळवहिवाट कायदा १९४८ चा. त्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले. विदर्भात तसाच दिवस १ एप्रिल १९६१ हा आला.

या पश्चिम महाराष्ट्रातल्या कायद्यातली एक गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे. मालक विधवा, अज्ञान मूल किंवा अपंग असेल तर कुळाची खरेदी पुढे ढकलली जाई. ती अडचण संपली, म्हणजे मूल सज्ञान झाले किंवा विधवेचा हक्क संपून वारस आला, की मालकाच्या बाजूला स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागायला एक वर्ष मिळे. ते वर्ष सरले की पुढच्या एका वर्षात कुळाने "मी जमीन खरेदी करतो" असे कळवायचे. कळवले नाही तर हक्क गेला.

आता बघा, दूरच्या गावी राहणाऱ्या मालकिणीचे निधन कधी झाले, हे शेतात राबणाऱ्या कुळाला कसे कळावे? मूल सज्ञान झाले की त्याने कुळाला तसे कळवावे, असे कायद्यात स्पष्ट होते. विधवेच्या बाबतीत तसे शब्द नव्हते. त्यामुळे अनेक कुळांचे वर्ष त्यांच्या नकळत निघून गेले, आणि आधीच्या निकालांत "मुदतीत कळवले नाही, हक्क गेला" असेच ठरत राहिले. शेवटी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ही चूक दुरुस्त केली. विधवेच्या किंवा अपंग मालकाच्या बाबतीतही मालकाच्या बाजूने कुळाला आधी कळवले पाहिजे, असा अर्थ त्यांनी लावला. एकाने आपले काम केल्याशिवाय दुसऱ्याचे घड्याळ सुरू होत नाही, हा त्याचा गाभा.

तो कायदा जुन्या कुळांचा. आज आपण जे ठोके करतो त्यात खरेदीचा हक्क कायदा आपोआप देईल असे धरून चालू नका. तो आपल्याला करारातून मिळवावा लागतो. पण गाभा तोच आहे : दोघांची कामे एकमेकांत अडकलेली असतात, आणि कोणाची पाळी आधी हे ठाऊक असावे लागते.

शब्द तीन प्रकारचे असतात

गावात "जमीन तुलाच देईन" असे म्हणतात तेव्हा त्याचे तीन अर्थ होऊ शकतात. तिन्ही वेगळे आहेत.

पहिला : "विकायची झाली तर आधी तुला विचारीन." यात मालकाने विकलेच पाहिजे असे नाही. विकायला काढली तर पहिला मान तुमचा, एवढेच.

दुसरा : "या मुदतीत तू मागितलीस तर या भावाने तुला देईन." हा खरेदीचा पर्याय. यात मालक बांधलेला असतो, ठोकेदार मोकळा असतो. घेणे न घेणे त्याच्या खुशीवर. पण घ्यायची तर ठरल्या मुदतीत, ठरल्या रीतीने कळवून.

तिसरा : "मी विकतो, तू घेतोस, हा इसार." हे साठेखत. यात दोघेही बांधले जातात.

कागदावर यातला कोणता शब्द हवा ते आधी ठरवा. नुसते "यांनाच देऊ" लिहिले तर कोर्टातले दोन वकील दोन अर्थ काढतील.

आणि भावाचे काय? "भाव त्यावेळी ठरवू" हे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार निरर्थक, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २९वे कलम सांगते. म्हणून एक तर आकडा लिहा, नाहीतर आकडा काढण्याची रीत लिहा. उदाहरणार्थ, "त्या वर्षीच्या सरकारी मूल्यदर तक्त्यातील दर अधिक इतके टक्के".

नुसता तोंडी दिलेला शब्दही कच्चाच. त्याबदल्यात काही दिले-घेतले नसेल तर तो मागे घेता येतो. ठोक्याच्या करारातच खरेदीचे कलम घातले, तर ठोक्याची रक्कम हाच त्या शब्दाचाही मोबदला ठरतो.

एकमेकांत अडकलेली वचने

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ती समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ. नावे मनाची आहेत.

दादाराव अण्णांची चार एकर जमीन किसनने पाच वर्षांच्या ठोक्याने घेतली. ठोका एकरी पंधरा हजार, म्हणजे वर्षाला साठ हजार रुपये, दर १ एप्रिलला द्यायचा. किसनने बांध सांभाळायचे, विहिरीचा गाळ काढायचा. पाचवे वर्ष संपण्यापूर्वी तीन महिने आधी किसनने लेखी कळवले, तर एकरी आठ लाखांनी, म्हणजे एकूण बत्तीस लाखांना, अण्णांनी जमीन द्यायची. सातबारावर बँकेचा बोजा आहे तो अण्णांनी उतरवायचा आणि सरकारी मोजणी करून द्यायची. त्यानंतर साठ दिवसांत किसनने पैसे द्यायचे आणि अण्णांनी खरेदीखत करून द्यायचे.

या करारात दोघांनी एकमेकांना वचने दिली आहेत. कायदा अशा वचनांना परस्परांवर अवलंबून असलेली वचने म्हणतो आणि करार कायद्याच्या ५१ ते ५४ या कलमांत त्यांचे नियम सांगतो.

पहिला नियम, एकाच वेळी करायच्या कामांचा. खरेदीखताच्या दिवशी पैसे आणि सही एकदमच व्हायची असते. एक बाजू तयार नसेल तर दुसऱ्या बाजूने आपले काम केलेच पाहिजे असे नाही. अण्णा सही करायला आले नाहीत तर किसनने पैसे देऊन बसू नये. किसनकडे पैसे नाहीत तर अण्णांनी सही करू नये. बैलबाजारात दावे आणि पैसे एकाच वेळी हातात देतात, तसेच हे.

दुसरा नियम, क्रमाचा. कागदावर क्रम लिहिला असेल तर त्या क्रमाने कामे करायची. लिहिला नसेल तर व्यवहाराच्या स्वरूपावरून क्रम ठरतो. पेरणीआधी नांगरट, हे कोणी लिहून ठेवत नाही. पण जमिनीच्या व्यवहारात लिहूनच ठेवलेले बरे.

तिसरा नियम, अडवणुकीचा. एकाने दुसऱ्याला त्याचे काम करू दिले नाही, तर ज्याची अडवणूक झाली त्याला करार रद्द करता येतो आणि नुकसानभरपाईही मागता येते. मोजणीला आलेल्या भूकरमापकाला किसनच रानात येऊ देत नसेल, तर "मोजणी झाली नाही" असे किसनला म्हणता येणार नाही. तसेच अण्णा ठोक्याचे पैसे मुद्दाम घेत नसतील तर "किसनने ठोका थकवला" असे अण्णांना म्हणता येणार नाही.

चौथा नियम, पहिल्या पाळीचा. एकाचे काम झाल्याशिवाय दुसऱ्याचे काम होऊच शकत नसेल, आणि पहिल्याने आपले काम केले नाही, तर पहिल्याला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. उलट दुसऱ्याचे नुकसान त्याला भरून द्यावे लागते.

आता असे समजा. किसनने वेळेवर लेखी कळवले. मग तो अण्णांकडे गेला.

"अण्णा, मोजणीचा अर्ज केला का? बँकेचं काय झालं?"

"अरे किसन, ते होऊन जाईल. तू आधी बत्तीस लाख आण, मग बघू."

किसन घाबरला. साठ दिवस सरले. अण्णा म्हणाले, "तू पैसे आणले नाहीस, व्यवहार मोडला." मोडला का? नाही मोडला. कारण कागदाप्रमाणे बोजा आणि मोजणी हे काम आधीचे, पैसे नंतरचे. अण्णांनी पहिले पाऊल टाकले नाही, तर किसनचे साठ दिवस सुरूच झाले नाहीत.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. असाच एक खटला मध्य प्रदेशातल्या महूचा आहे. १९५१ साली जिनिंग फॅक्टरी आणि तिच्या जमिनीचा सौदा त्रेचाळीस हजार अकरा रुपयांना ठरला. घेणाऱ्याने बावीस हजार अकरा रुपये दिले. राहिलेले एकवीस हजार ठरल्या तारखेपर्यंत द्यायचे होते. पण जमीन विकणाऱ्याच्या भावाच्या नावावर लागलेली होती. ते नाव कमी करायचे आणि सरकारची परवानगी आणायची, हे काम विकणाऱ्याचे होते. ते त्याने केले नाही. तारीख गेली तेव्हा म्हणाला, पैसे आले नाहीत, सौदा रद्द. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली निकाल दिला तो घेणाऱ्याच्या बाजूने. माणूस तयार आहे की नाही हे ठरवताना कोणाचे काम आधी, तो क्रम बघावा लागतो, असे न्यायालयाने म्हटले. पैशाची पिशवी घेऊन दारात उभे राहिले पाहिजे असेही नाही. मात्र पैसे उभे करण्याची ऐपत आणि तयारी दाखवता आली पाहिजे.

म्हणून किसनने काय करावे? गप्प बसू नये. "माझी तयारी आहे, आपण बोजा उतरवून मोजणी करून द्यावी" असे लेखी पत्र पाठवावे. बँकेचे मंजुरीपत्र, पासबुक, माल विकल्याच्या पट्ट्या सांभाळून ठेवाव्यात.

पण मुदत चुकवू नका

इथे एक धोका आहे, तो नीट लक्षात घ्या. जमिनीच्या साध्या साठेखतात तारीख थोडी पुढे गेली म्हणून कोर्ट साधारणपणे लगेच करार मोडला असे म्हणत नाही. पर्यायाच्या बाबतीत मात्र तसे नाही. तिथे मुदत काटेकोर.

कॅल्टेक्स नावाच्या तेल कंपनीचा खटला आहे, कलकत्त्याचा. त्यांचा भाडेपट्टा दहा वर्षांचा होता. तो आणखी दहा वर्षे वाढवून मागण्याचा हक्क त्यांना होता, पण मुदत संपण्यापूर्वी दोन महिने आधी कळवायचे होते. कंपनीने सुमारे महिनाभर उशिरा कळवले आणि सांगितले की नजरचुकीने राहून गेले. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. एवढ्या मोठ्या कंपनीची नजरचूक कोर्टाने माफ केली नाही, मग आपण "सुगीत होतो, ध्यानात राहिले नाही" म्हटल्यावर कोण ऐकणार? मालकाची मेहेरबानी म्हणून मिळालेला हा जादा हक्क असतो. तो घ्यायचा तर सांगितलेल्या दारातून आणि सांगितलेल्या वेळेत.

आणखी एक बाब. ठोका थकला, बांध फुटू दिला, तर खरेदीचा हक्क जातो का? हे कागदावरच्या शब्दांवर अवलंबून आहे. "सर्व अटी पाळल्यास खरेदीचा हक्क राहील" असे लिहिले असेल तर ठोक्याचा एक हप्ताही तुमच्या आड येऊ शकतो. म्हणून कोणत्या चुकीने हक्क जाईल आणि कोणत्या चुकीची फक्त भरपाई द्यावी लागेल, हे वेगवेगळे लिहा. चूक दुरुस्त करायला तीस दिवसांची लेखी सूचना द्यावी, असे घातले तर दोघांनाही बरे.

मालकांना दोन शब्द

माझ्या बोलण्यावरून जमीनमालक बंधूंना वाटेल की हा अधिकारी ठोकेदाराचीच बाजू घेतो. तसे नाही. "कागद केला की कूळ लागेल" ही आपली भीती मला ठाऊक आहे. ती उगाच नाही, तिला १९५० पासूनचा इतिहास आहे. कूळकायद्याच्या तरतुदी दोघांनी कागदावर काही लिहिले म्हणून रद्द होत नाहीत, हेही खरे. म्हणूनच दोघांनी मिळून जाणत्या वकिलाला मसुदा दाखवावा. कागद टाळल्याने भीती जात नाही, भांडण तेवढे वाढते. नीट लिहिलेल्या कागदात मालकाचेही रक्षण आहे : ठोका कधी येणार, मुदत कधी संपणार, पर्याय वापरला नाही तर रान कधी मोकळे होणार, विहिरीचा आणि झाडांचा हिशोब कसा होणार.

पर्याय दिलेली जमीन मधल्या काळात तिसऱ्याला विकू नये. जमीन ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्याला होती, असे कायदा धरतो. म्हणून जमीन विकत घेणाऱ्यानेही रानात जाऊन कसणाऱ्याला विचारावे, "बाबा, तुझा काही करार आहे का?" ते न विचारता घेतली तर तो करार त्याच्याही गळ्यात पडू शकतो.

कागद करताना ध्यानात ठेवावयाच्या बाबी

१. सातबारा, आठ-अ आणि फेरफार आधी पाहावेत. भोगवटादार वर्ग दोनची, इनामाची, कूळकायद्याखाली मिळालेली किंवा आदिवासी बांधवाची जमीन असेल तर विक्रीवर निर्बंध असतात आणि बहुतेक वेळा सरकारी परवानगी लागते. ती कोणी आणि किती दिवसांत आणायची ते कागदावर लिहावे.

२. जमीन वडिलोपार्जित असेल तर सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात. २००५ पासून मुलींचाही जन्माने भावांइतकाच हक्क आहे. लेकीबाळींना विसरून केलेला कागद पुढे अडतो.

३. घ्यायचा तुकडा तुकडेबंदी कायद्यातल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान नाही ना, आणि घेणारा शेतकरी असल्याचा पुरावा आहे ना, हे तलाठ्याकडे विचारून घ्यावे.

४. एक वर्षाहून जास्त मुदतीचा ठोका दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. ठोकेदाराला पीकविम्यासाठीही नोंदणीकृत भाडेकरार लागतो, हा त्याचा दुसरा फायदा.

५. मुद्रांक शुल्क आधी विचारून घ्यावे. ताबा देऊन केलेला विक्रीचा करार मुद्रांकाच्या दृष्टीने खरेदीखतासारखा धरला जातो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, जागा भाडेकरूच्याच ताब्यात होती तरी विक्रीच्या करारावर पूर्ण शुल्क लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली ठरवले. कमी मुद्रांकाचा कागद ऐन वेळी कोर्टात अडकतो.

६. चतुःसीमा, गट नंबर, क्षेत्र, विहीर, झाडे, वाट आणि पाण्याची पाळी स्पष्ट लिहावी. विहीर कोणाच्या खर्चाने खोदली आणि व्यवहार न झाल्यास तिचे काय, हे अवश्य लिहावे.

७. कामांचा क्रम लिहावा : आधी कोणी काय करायचे, किती दिवसांत, मग दुसऱ्याने काय करायचे.

८. ठोक्याची रक्कम बँकेमार्फत द्यावी. रोख दिली तर पावती घ्यावी. मालक घेत नसेल तर त्याच्या खात्यात जमा करून लेखी कळवावे.

९. पर्याय वापरण्याचे पत्र मुदतीच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नये. महिनाभर आधीच स्पीड पोस्टाने पाठवून पोच घ्यावी. पूर्वीचे रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिळवले आहे. पत्राची प्रत जवळ ठेवावी.

१०. समोरच्याने शब्द मोडला तर वर्षानुवर्षे पंचांपुढे घालवू नयेत. करार पुरा करून मागण्याचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नाकारल्याचे कळले तेव्हापासून. २०१८ च्या कायदेदुरुस्तीनंतर करार पुरा करून घेण्याचा हक्क पूर्वीपेक्षा बळकट झाला आहे, पण मागणारा स्वतः तयार होता हे त्याला सिद्ध करावेच लागते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे बांधव आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत मदत मिळते.

शेवटी एवढेच

मोसंबीचा कागद घेऊन आलेल्या त्या शेतकऱ्याला मी काय सांगितले, हे आपल्याला ऐकायचे असेल. कागद वाचून मी गप्प झालो. मग वकिलाकडे पाठवले. विहिरीच्या खर्चाचे काही मिळते का, तेवढे पाहण्यापुरते. जमिनीचे फारसे काही उरले नव्हते. जाताना ते म्हणाले, "साहेब, आम्ही माणसावर विश्वास ठेवला." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज देतो. विश्वास ठेवावा, जरूर ठेवावा. पण ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याबरोबर कागद करायला तो माणूस नाही म्हणत नाही. उद्या तो राहिला नाही, त्याची पोरे मोठी झाली, भाव वाढला, तर हा कागदच त्याचा शब्द पाळील.

बियाणे घेताना आपण पिशवीवरचा टॅग वाचतो, पावती जपून ठेवतो. पिशवी एका हंगामाची असते, जमीन पिढ्यांची. येत्या पाडव्याला ठोक्याचे बोलणे होईल, तेव्हा ही पत्रिका दोघांनी मिळून वाचावी. आधी कोणाचे काम आणि नंतर कोणाचे, हे त्याच बैठकीत ठरवून लिहावे. आणि लिहिल्यावर आपल्या पाळीचे काम आपण वेळेवर करावे.

एवढे सांगून आपली रजा घेतो. रामराम.